एक खुर्ची, दोन दावेदार आणि कोफी अन्नान यांचे ४१ दिवस

३० डिसेंबर २००२. नैरोबीचं उहुरू पार्क माणसांनी फुललं होतं. म्वाई किबाकी यांनी व्हीलचेअरवर बसून, लाखो लोकांसमोर, केनियाच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. प्रचाराच्या ऐन धामधुमीत त्यांच्या गाडीला अपघात झाला होता आणि उपचारांसाठी त्यांना लंडनला न्यावं लागलं होतं. त्यांच्या वाट्याच्या सभा तेव्हा राइला ओडिंगा यांनी गाजवल्या. 'किबाकी तोशा', म्हणजे 'किबाकी पुरेसे आहेत', ही त्या निवडणुकीची घोषणासुद्धा राइला यांचीच.

बरोबर पाच वर्षांनी, ३० डिसेंबर २००७ ला, त्याच किबाकींनी पुन्हा शपथ घेतली. पण या वेळी तिन्हीसांजेला, सरकारी निवासस्थानाच्या हिरवळीवर, मोजक्या पाहुण्यांसमोर. निकाल जाहीर होऊन तासही उलटला नव्हता. हरलेल्या उमेदवाराचं नाव होतं राइला ओडिंगा. इकडे शपथ चालू होती आणि तिकडे नैरोबीच्या किबेरा वस्तीतून धूर निघायला लागला होता.

पुढच्या दोन महिन्यांत १,१३३ माणसं मेली. हा आकडा नंतर नेमलेल्या वाकी आयोगाचा. त्यातली ४०५ बंदुकीच्या गोळीने गेली, आणि बंदूक बहुतांश पोलिसांच्या हातात होती. घरदार सोडून पळालेल्यांचे आकडे सहा लाखांपर्यंत दिले जातात. आणि मग फेब्रुवारीच्या २८ तारखेला ते थांबलं. कोणत्याही परदेशी फौजेने पाऊल न ठेवता थांबलं. एखादा देश आतून पेटला की त्याच्या नेत्यांनी काय करायचं असतं आणि बाहेरच्यांनी काय, हे समजून घ्यायला मला केनियाइतकं सुटसुटीत उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. सुटसुटीत याचा अर्थ गोड असा घेऊ नका.

आपल्याकडे अशा भांडणाला 'यादवी' म्हणतात. श्रीकृष्णाचे यादव प्रभास क्षेत्री आपापसांत लढून संपले, त्यावरून आलेला हा शब्द. त्यातला 'आपापसांत' महत्त्वाचा. केनियात लढलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते, एकाच बाजारात भाजी घेत होते.

भांडणाचं मूळ निवडणुकीच्या बरंच मागे जातं. २००२ मध्ये किबाकी आणि राइला यांच्या गटांत एक लेखी समझोता झाला होता. जिंकलो तर सत्तेची निम्मी-निम्मी वाटणी आणि नव्या राज्यघटनेत राइला यांच्यासाठी पंतप्रधानपद, असं त्याचं सार. जिंकल्यावर किबाकींनी तो कागद बासनात गुंडाळून ठेवला. जागावाटपाच्या वेळचे शब्द आणि खातेवाटपाच्या वेळचे शब्द यांतला फरक महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळा सांगायला नको.

२००५ मध्ये राज्यघटनेच्या मसुद्यावर सार्वमत झालं. वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हं ठेवली होती, 'हो' म्हणायचं असेल तर केळं आणि 'नाही'साठी संत्रं. राइला सरकारात मंत्री असूनही संत्र्याच्या बाजूने उतरले. संत्रं सुमारे ५८ टक्के मतांनी जिंकलं, किबाकींनी अख्खं मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि संत्र्याचा एक राजकीय पक्ष झाला. २००७ ची निवडणूक राइला यांनी लढवली ती याच 'ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट'च्या नावावर.

दुसरा धागा जमिनीचा. रिफ्ट व्हॅलीतली सुपीक जमीन ब्रिटिशांनी गोऱ्या मळेवाल्यांना दिली होती. १९६३ मध्ये स्वातंत्र्य आलं, गोरे जमिनी विकून निघाले आणि त्यातल्या बऱ्याच जमिनी किकुयू समाजाच्या लोकांनी विकत घेतल्या. पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा स्वतः किकुयू, आणि किबाकीही किकुयूच. आसपासच्या कालेंजिन आणि मसाई लोकांचं म्हणणं असं, की गोरे येण्याआधी ही जमीन आमची होती, ते गेल्यावर आम्हालाच मिळायला हवी होती. खरेदीखत एकाकडे, वडिलोपार्जित वहिवाटीचा दावा दुसऱ्याकडे. या भागात १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांच्या आगेमागेही घरं जळली होती. म्हणजे मतपेटी ही काडी होती. गंजी आधीच वाळलेली होती.

काडी ओढली कशी तेही पाहण्यासारखं आहे. निवडणूक आयोगाचे सदस्य सगळ्या पक्षांना विचारून नेमायचे, असा १९९७ पासूनचा तोंडी संकेत होता. २००७ मध्ये किबाकींनी तो मोडला आणि आपल्या पसंतीची माणसं नेमली. यात बेकायदा काही नव्हतं. पण पंचाची निवड एकाच संघाच्या कप्तानाने केली, तर बाद दिलेला फलंदाज मैदान सोडेल का? संसदेच्या निकालात राइला यांच्या पक्षाला ९९ जागा आणि किबाकींच्या पक्षाला अवघ्या ४३ मिळाल्या. उपराष्ट्राध्यक्षांसह डझनाहून जास्त मंत्री पडले. राष्ट्राध्यक्षपदाची मोजणी मात्र आधी राइला यांना मोठी आघाडी दाखवत होती आणि शेवटी किबाकी सुमारे सव्वादोन लाख मतांनी जिंकले. मोजणी केंद्रातल्या गोंधळात आयोगाचे अध्यक्ष सॅम्युअल किवुइतू यांना पोलिसांच्या गराड्यात बाहेर काढलं गेलं आणि त्यांनी एका बंद खोलीत, फक्त सरकारी वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर निकाल वाचला. थेट प्रक्षेपणावर त्याच संध्याकाळी बंदी आली. दोनेक दिवसांनी याच किवुइतूंनी पत्रकारांना सांगितलं, की किबाकी जिंकले की नाही हे मलाच माहीत नाही!

कोर्टात जा, असं सरकार म्हणत होतं. न्यायाधीश कुणी नेमलेत ते आम्हाला ठाऊक आहे, असं राइला यांचे लोक म्हणत होते. तेव्हा रस्ता उरला. नेत्यांचा कस लागतो तो इथे, आणि दोघंही त्याला उतरले नाहीत. किबाकी निवासस्थानातून बाहेर पडेनात. राइला रोज मोर्च्याची हाक देत होते आणि मोर्च्यात काय होणार हे त्यांना कळत होतं.

१ जानेवारीला एल्डोरेटजवळच्या किआंबा गावात एका चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू कुटुंबांना आतच कोंडून चर्च पेटवण्यात आलं. सुमारे तीस जण गेले, बहुतेक बायका आणि मुलं. ज्यांनी पेटवलं ते गावकुसापलीकडचेच होते. जानेवारीच्या शेवटी नैवाशात उलटा वार झाला. तिथे किकुयू टोळ्यांनी लुओ समाजाच्या लोकांना, म्हणजे राइला यांच्या जातभाईंना, घरात कोंडून जाळलं. पश्चिमेकडच्या किसुमू शहरात भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकानं लुटली गेली. त्यांचं या भांडणात काही नव्हतं, पण दुकानात माल होता.

आता बाहेरच्यांकडे वळू.

पहिले तीन आठवडे बाहेरच्यांनी नुसता गोंधळ घातला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आधी विजेत्याचं अभिनंदन केलं आणि मग ते मागे घेतलं. आर्चबिशप डेस्मंड टुटू येऊन गेले. आफ्रिकेतले चार माजी राष्ट्राध्यक्ष येऊन गेले. आफ्रिकन युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष, घानाचे जॉन कुफोर, ८ जानेवारीला आले. नेमक्या त्याच दिवशी किबाकींनी निम्मं मंत्रिमंडळ जाहीर करून टाकलं. पाहुणा दारात आणि यजमान जेवून हात धुतोय, असला प्रकार. तिसऱ्या क्रमांकाची मतं मिळवलेले कलोन्झो मुस्योका उपराष्ट्राध्यक्षही झाले. कुफोर दोन दिवसांनी रिकाम्या हाताने परतले, पण जाताना एक काम करून गेले. आफ्रिकन युनियनच्या वतीने तीन ज्येष्ठांची समिती मध्यस्थी करेल, याला त्यांनी दोन्ही बाजूंचा होकार मिळवला. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान, टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा आणि मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री ग्रासा मशेल.

अन्नान विमानात बसायच्या आधीच जिनिव्हात तापाने आडवे झाले आणि त्यांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. त्या आठवड्यात त्यांनी फोनाफोनी केली. परिणामाच्या दृष्टीने मी ते फोन सगळ्या नंतरच्या बैठकांइतकेच महत्त्वाचे मानतो. मध्यस्थीत एक जुनी चलाखी असते. एका मध्यस्थाचं म्हणणं पटलं नाही की दुसऱ्याकडे जायचं, तो नको तर तिसरा आहेच. भाऊबंदकीत नाही का, मामा ऐकत नाही म्हटल्यावर आत्याकडे जातात? अन्नान यांनी वॉशिंग्टन, लंडन, युरोपियन युनियन आणि शेजारच्या आफ्रिकी राजधान्या यांच्याकडून कबूल करून घेतलं, की टेबल एकच राहील आणि बाकीचे त्या टेबलामागे उभे राहतील. २२ जानेवारीला ते नैरोबीत उतरले तेव्हा किबाकी आणि राइला या दोघांनाही दुसरं दार उरलेलं नव्हतं.

अन्नान यांच्या मनात काय चाललं असेल, त्याचा अंदाज बांधता येतो. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना विभागाचे प्रमुख तेच होते. जग बघत बसलं होतं आणि त्या 'जगा'त त्यांचा विभाग होता. पुढे ते सरचिटणीस असताना, २००५ च्या शिखर परिषदेत, एक तत्त्व सगळ्या देशांनी मान्य केलं. त्याला 'संरक्षणाची जबाबदारी' म्हणतात. आपल्या लोकांना वंशसंहारासारख्या गुन्ह्यांपासून वाचवणं हे सरकारचं काम. त्याला ते जमत नसेल किंवा करायचंच नसेल, तर बाहेरच्यांनी पुढे यायचं. हे ऐकलं की लोकांना लगेच विमानं आणि बॉम्ब आठवतात. त्या तत्त्वाच्या यादीत बॉम्ब सगळ्यात तळाशी आहेत. आधी बोलणी, मग दबाव, मग निर्बंध.

२४ जानेवारीला हराम्बे हाउस या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीबाहेर किबाकी आणि राइला यांनी हस्तांदोलन केलं. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. 'हराम्बे' म्हणजे सगळे मिळून ओढूया. त्याच कार्यक्रमात किबाकींनी स्वतःचा उल्लेख 'रीतसर निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष' असा केला आणि विरोधक पुन्हा भडकले. अन्नान थांबले नाहीत. दोन्ही बाजूंनी आपापले वाटाघाटीकार दिले. सरकारकडून मार्था करुआ, मुटुला किलोंझो वगैरे वकिली डोक्याची मंडळी. समोर मुसालिया मुडावाडी, जेम्स ओरेंगो आणि विल्यम रुटो. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

बोलणी सुरू व्हायची त्याच पहाटे, २९ जानेवारीला, राइला यांच्या पक्षाच्या एका खासदाराला त्याच्या घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. दोन दिवसांनी दुसऱ्याला. तरीही सेरेना हॉटेलात टेबल मांडलं गेलं.

अन्नान यांनी विषयांचा क्रम लावला होता चार भागांत: आधी हिंसा थांबवणं, मग विस्थापितांना मदत, मग सत्तेचा पेच, आणि शेवटी जमीन, बेरोजगारी, घटना असे मुळाचे प्रश्न. आधी सोपं घेण्यात हिशेब होता. हिंसा थांबावी आणि मदतीची वाट मोकळी व्हावी, याला नाही कोण म्हणणार? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन कागदांवर सह्या झाल्या. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या आठ माणसांना एकत्र सही करायची सवय लागली. केनियात आजही कुणी 'अजेंडा फोर' म्हणालं, तर समोरच्याला पुढचं सांगावं लागत नाही.

तिसऱ्या विषयावर गाडी अडकली. फेरमोजणी करा, फेरनिवडणूक घ्या, न्यायालयात जा, असे सगळे पर्याय टेबलावर येऊन गेले. फेरनिवडणूक म्हणजे पेटलेल्या घरात पुन्हा काडी. फेरमोजणीला अर्थ नव्हता. पुढे याच निवडणुकीवर नेमलेल्या क्रीगलर आयोगाने सांगितलं, की नोंदीच इतक्या बिघडलेल्या आहेत की खरा विजेता कोण हे कुणालाच ठरवता येणार नाही. उरली वाटणी. पण एका म्यानात दोन तलवारी बसवायच्या कशा?

अन्नान यांनी सगळ्यांना उचलून त्सावोच्या जंगलातल्या किलागुनी लॉजवर नेलं. पाणवठ्यावर हत्ती येतात, ते व्हरांड्यातून दिसतात, अशी ती जागा. पत्रकारांना तिथे मज्जाव होता. तिथे जर्मनीचे एक मंत्री, गेर्नोट एर्लर, यांना बोलावून घेतलं. २००५ मध्ये जर्मनीत दोन मोठ्या विरोधी पक्षांनी मिळून सरकार केलं होतं. खाती कशी वाटली, कराराचा कागद किती जाडजूड होता, हे त्यांनी समजावून सांगितलं. मला हा प्रसंग आवडतो, कारण यात उपदेश नाही. दुसऱ्या एका घराने वाटणी कशी केली ते सांगायला त्या घरचाच माणूस बोलावला होता.

दरम्यान बाहेरचा दाब वाढत होता, आणि तो बरोबर दुखऱ्या जागी पडत होता. परदेशी मदत बंद करू, या धमकीचा केनियावर फारसा परिणाम होत नव्हता, कारण देशाचं बजेट मुख्यत्वे स्वतःच्या करांवर चालत होतं. पण अमेरिकेने काही नेत्यांना आणि धनाढ्य व्यावसायिकांना पत्रं धाडली, की हिंसेत तुमचा हात दिसला तर तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबीयांना व्हिसा मिळणार नाही. मुलं परदेशात शिकत असलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते. १८ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस एका दिवसासाठी येऊन बजावून गेल्या, की सत्ता वाटून घेतल्याशिवाय अमेरिकेशी पूर्वीसारखे संबंध राहणार नाहीत. त्यांनी वेगळं टेबल मांडलं नाही, अन्नान यांच्याच टेबलाला रेटा दिला.

शेजारी तर नुसते कासावीस होते. युगांडा, रवांडा आणि कांगोचा पूर्व भाग मोम्बासा बंदरातून येणाऱ्या पेट्रोलवर जगतो. ते टँकर नैरोबी आणि एल्डोरेटवरून जातात, आणि त्या रस्त्यावर दगडांचे ढीग आणि जळते टायर. किबेऱ्यात तरुणांनी रेल्वेचे रूळच उखडले. (शंभर वर्षांपूर्वी ती लाइन टाकणारे मजूर आपल्याकडून नेलेले, मुख्यतः पंजाबातून.) कंपालात पेट्रोलचे भाव भडकले. नैवाशाचे गुलाबमळे फेब्रुवारीत युरोपला फुलं पाठवतात, व्हॅलेंटाइन डेसाठी. तिथले मजूर जीव मुठीत धरून पळाले होते. केनियातले उद्योगपती दोन्ही नेत्यांच्या कानाशी लागले.

आणि घरचे पंचही होते, त्यांची नोंद सहसा होत नाही. सुदानच्या २००५ च्या शांतता करारात मध्यस्थी केलेले निवृत्त जनरल सुम्बेइवो, सोमालिया सीमेकडच्या वजीर गावात टोळीयुद्ध मिटवणाऱ्या देखा इब्राहिम अब्दी अशी माणसं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एकत्र बसत होती. ३ जानेवारीला नैरोबीच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी एकच मथळा छापला होता: आपला लाडका देश वाचवा.

२६ फेब्रुवारीला अन्नान यांनी बोलणी स्थगित केली. आठ वाटाघाटीकार एकमेकांचे शब्द कापण्यात रमले होते आणि निर्णय घ्यायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. आता थेट मालकांशी बोलतो, असं म्हणून २८ तारखेला त्यांनी एका खोलीत पाच जण बसवले. किबाकी, राइला, अन्नान, म्कापा आणि आफ्रिकन युनियनचे नवे अध्यक्ष, टांझानियाचे जकाया किक्वेते. टांझानियात राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोन्ही असतात. पंतप्रधान ठेवल्याने राष्ट्राध्यक्षाचा मुकुट उतरत नाही, हे किबाकींना सांगायला एक आजी आणि एक माजी राष्ट्राध्यक्ष समोरच बसलेले. परदेशी तज्ज्ञाने शंभर पानी अहवाल दिला असता तरी हे इतकं पटलं नसतं.

खरी ओढाताण दोन क्रियापदांवर होती. पंतप्रधानाने सरकारच्या कामात नुसता समन्वय साधायचा, की देखरेखही करायची? नुसता समन्वय म्हणजे कारकून. देखरेख म्हटलं की अधिकार आला. अखेर कागदावर दोन्ही शब्द आले. शिवाय मंत्रिपदं संसदेतल्या बळानुसार वाटायची, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय मंत्री काढायचा नाही. सुमारे पाच तासांनी दोघं बाहेर आले आणि हराम्बे हाउसच्या पायऱ्यांपाशी मांडलेल्या टेबलावर सह्या झाल्या. २ मार्चला अन्नान नैरोबीहून निघाले. आले त्या दिवसापासून मोजलं तर ४१ दिवस.

इथे आपल्याच अनुभवाशी ताडून पाहावंसं वाटतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. करार दोन सरकारांत होता. जाफन्यात बंदूक ज्यांच्या हातात होती त्या तमिळ वाघांची त्यावर सहीच नव्हती. काही आठवड्यांतच भारताने पाठवलेल्या शांतिसेनेवर त्यांच्याशी लढायची वेळ आली. २५ नोव्हेंबर १९८७ ला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, चकमकीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. १९९० च्या मार्चमध्ये फौज परत आली तोवर सुमारे बाराशे भारतीय जवान गेले होते. केनियात ज्या दोघांच्या शब्दावर रस्ते पेटत होते, त्याच दोघांच्या सह्या कागदावर होत्या. फौज नेण्याआधी सही कुणाची घ्यायची, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. अर्थात केनियात वाघांच्या म्होरक्यासारखा, प्रभाकरनसारखा कुणी नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे. किबाकी आणि राइला दोघांनाही देश फुटायला नको होता. दोघांना तो चालवायला हवा होता.

आता किंमत. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ जाहीर झालं, चाळीस मंत्री आणि वर उपमंत्र्यांची फौज. केनियाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं. दोन पंक्ती एकदम उठवायच्या तर पानं दुप्पट लागणारच. वरती लाल दिव्याच्या गाड्या वाढत होत्या आणि खाली रिफ्ट व्हॅलीत विस्थापितांचे तंबू पुढची कित्येक वर्षं हलले नाहीत.

आणि न्याय? न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या आयोगाने हिंसेमागच्या संशयितांची नावं एका लिफाफ्यात घालून, लाखबंद करून, अन्नान यांच्या हवाली केली. देशात खास न्यायालय नेमा, नाहीतर लिफाफा हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे जाईल, अशी अट. २००९ च्या फेब्रुवारीत संसदेने खास न्यायालयाचं विधेयक पाडलं. हेगला जाऊ द्या, म्हणून खासदार तेव्हा घोषणा देत होते, कारण हेग लांब आहे आणि तिथे सगळं वर्षानुवर्षं चालतं असा त्यांचा होरा होता. जुलैत लिफाफा हेगला गेला. २०१० च्या डिसेंबरात तिथल्या सरकारी वकिलांनी सहा नावं घेतली, दोन्ही बाजूंची तीन-तीन. त्यांत किबाकींच्या बाजूचे उहुरू केन्याटा, पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, आणि राइला यांच्या बाजूने सेरेना हॉटेलात बसलेले कालेंजिन नेते विल्यम रुटो.

पुढचं कथेत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. एकमेकांच्या समाजांवर हल्ले घडवल्याचा आरोप असलेल्या या दोघांनी हातमिळवणी केली आणि २०१३ ची निवडणूक एकत्र लढवली. परकीय न्यायालय आपल्याला शिकवायला निघालंय, हा प्रचाराचा मुद्दा. केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले, रुटो उपराष्ट्राध्यक्ष. साक्षीदार एकेक करून फिरत गेले. केन्याटांवरचे आरोप २०१४ मध्ये मागे घेतले गेले, रुटोंवरचा खटला २०१६ मध्ये बंद झाला. निर्दोष ठरवून नाही, पुराव्याअभावी. किकुयू आणि कालेंजिन नेते एका व्यासपीठावर आल्याने रिफ्ट व्हॅली त्या निवडणुकीत शांत राहिली, हेही खरंच. किआंबाच्या चर्चमधल्या माणसांच्या मृत्यूसाठी हेगमध्ये कुणालाही शिक्षा झाली नाही.

चौथ्या विषयातून मात्र काहीतरी उगवलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये नवी राज्यघटना सार्वमताने, ६७ टक्के मतांनी मंजूर झाली. ४७ परगण्यांना स्वतःची सरकारं मिळाली, नवं सर्वोच्च न्यायालय आलं. २०१७ मध्ये राइला पुन्हा हरले, तेव्हा या वेळी ते त्याच न्यायालयात गेले, आणि १ सप्टेंबरला न्यायालयाने विद्यमान राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द ठरवली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडलं. दहा वर्षांपूर्वी ज्यांना कोर्टाची पायरी चढण्यात अर्थ वाटत नव्हता, त्यांच्यासाठी कोर्टाने दार उघडलं होतं. फेरनिवडणुकीवर राइला यांनी बहिष्कार टाकला, तो भाग वेगळा.

किबाकी २०२२ च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षी रुटो राष्ट्राध्यक्ष झाले, राइला यांना हरवून. राइला यांचा तो पाचवा आणि शेवटचा प्रयत्न. १५ ऑक्टोबर २०२५ ला ते केरळात, कुथाट्टुकुलम इथे आयुर्वेदिक उपचारांसाठी आले असताना सकाळच्या फेरफटक्यात कोसळले आणि तिथेच वारले. जगभरच्या बातम्यांनी त्यांना 'केनियाचे माजी पंतप्रधान' म्हटलं. ते पद २००८ च्या फेब्रुवारीत, पाच माणसांच्या त्या खोलीत तयार झालं होतं, आणि नव्या राज्यघटनेत ते ठेवलेलं नाही.